गाण्यापुरती सोयरीक

लातूर
३ जानेवारी २०२५

सौ. गुरम्माबाई यांना नीलम्माचा शरणार्थ.

मायना इथपर्यंत लिहिला आणि पेन अडलं. पूर्वी 'विहीणबाई' लिहिलं की पुढचं आपोआप यायचं. आता आमच्या महांतेशची आणि तुमच्या मंजुश्रीची फारकत होऊन वर्ष होत आलं, म्हणजे कागदोपत्री मी तुमची कोणी नाही. ताई म्हणावं तर तुम्ही माझ्याहून लहान. नुसतं गुरम्मा म्हणावं तर तुमच्या उमरीत कोणी हे पत्र वाचून म्हणेल, कोण ही अगोचर बाई. म्हणून 'बाई' लावून मोकळी झाले.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. मी तरी हौसेनं कुठं लिहितेय? तुमच्या संगमेश्वरनं तुमच्या फोनमध्ये माझा नंबर बंद करून ठेवलाय. लेकरावर माझा राग नाही. बहिणीच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून केलं असेल. दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता, तो तर आमच्या ह्यांनीच मोडला. पोस्टमन मात्र अजून कोणाच्या बाजूनं नाही.

तर कामाचं बोलते. नांदेडचा नदीकाठचा संगीत महोत्सव यंदा चोवीस, पंचवीस आणि सव्वीस जानेवारीला आहे, पेपरात आलंय. बासरी आहे, सतार आहे, कथक आहे, आणि शेवटच्या दिवशी धारवाडकडच्या एक गाणाऱ्या बाई आहेत. बाहेरच्या मंडपात चित्रांचं प्रदर्शन नेहमीप्रमाणं आहेच. दरसाल आपण दोघी जायचो, मागच्या साली कोर्टकचेरीत दोघीही गेलो नाही. यंदा मी येणार आहे. तुम्ही येता का? माझ्या शेजारी बसाल का?

एवढंच विचारायचं होतं, पण इनलँडवर जागा उरली की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

परवा वेळाअमावस्येला शेतात गेलो होतो. सगळे जेवून लवंडले आणि मला उगाच ती पहिली संध्याकाळ आठवली. लग्नाच्या बोलणीला आम्ही नांदेडला तुमच्या दिरांच्या घरी आलो होतो. मानपानावर गाडी अडली, पुरुषांचे आवाज चढले आणि तुमचे दीर आपल्याला म्हणाले, "बायांनी जरा फिरून यावं." दोघी नदीकडं निघालो. एकमेकींशी काय बोलावं कळत नव्हतं, पाय दुखायला लागले, आणि समोर मंडपात गाद्या अंथरलेल्या दिसल्या म्हणून टेकलो. भजन-कीर्तन सोडून असं बसून गाणं आपण दोघींनीही जन्मात ऐकलं नव्हतं. स्टेजवर ती बाई तंबोरा लावत होती. लावतच होती. तुम्ही मला पहिलं वाक्य बोललात ते हे, "आता सुरू तरी कवा करनार हाय ही?" आणि तिनं पहिला सूर लावला तेव्हा तुम्ही माझ्या दंडाला चिमटा काढलात. ओळख नाही, पाळख नाही, आणि मुलाच्या आईला चिमटा! परत आलो तोवर पुरुषांची बोलणी मिटली होती आणि ते आपल्यालाच शोधत होते. लग्न त्यांनी ठरवलं असेल. माझी तुमची सोयरीक त्या मंडपात झाली.

येते म्हणा, येत नाही म्हणा, पण कळवा.

तुमची
नीलम्मा


लातूर
१३ जानेवारी २०२५

गुरम्माबाईंना शरणार्थ.

आज भोगी. बाजरीची भाकरी थापता थापता पोस्टमनची वाट पाहिली. तो आला, विजेचं बिल देऊन गेला.

पत्र मिळालं नसेल, अशी मी दोन दिवस समजूत घातली. मग वाटलं, मिळालं असेल आणि तुम्ही रागानं ठेवून दिलं असेल. राग येणारच. तुमची लेक माझ्या घरात आली आणि माझ्या घरातून परत गेली. लोक पोराच्या आईलाच विचारतात, सून का टिकली नाही. तुमच्याही मनात तेच असेल. असेल तर तसं लिहा ना. शिव्या घाला. मला तुमच्या शिव्या चालतील, हे गप्प बसणं चालत नाही.

आमच्या ह्यांना पहिल्या पत्राचं कळलं. इनलँड आणायला मी दुकानातल्या माणसाला पाठवलं होतं, त्यानं सांगितलं. सरकी-पेंडीच्या दुकानात बसून ह्यांना गावाच्या बातम्या कळतात, मग घरच्या कळायला काय उशीर.

"सोयरीक तुटली," हे म्हणाले. "आता त्या घरच्या बाईला पत्रं काय घालून राहिली तू?"

मी म्हटलं, "पोरांची तुटली. माझी मी न्हाई तोडली."

"बायांची येगळी सोयरीक असती का कुठं?"

ह्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं, तोवर हे गंजगोलाईतल्या दुकानात जाऊन गल्ल्यावर बसले होते. म्हणून ते उत्तर तुम्हाला लिहिते. असते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एखादी गोष्ट चांगली झाली की शेजारच्याला सांगावंसं वाटतं, तसं सांगण्याजोगं माणूस मला पन्नाशीनंतर भेटलं, आणि ते तुम्ही. चांगलं माणूस आहेत हे. पण ह्यांना गाणं ऐकवलं की हे विचारतात, "संपलं का?"

मला तुमची आठवण येते. सरळच लिहिते. आता ह्या वयात लाजायचं कशाला?

मी चोवीसला निघणार. नांदेडला माझी भाची सुकन्या असते, तिच्याकडं उतरेन. संध्याकाळी मंडपात डाव्या अंगाला, खांबाच्या पुढं, आपल्या नेहमीच्या ठिकाणी बसेन. शेजारी जागा धरून ठेवीन.

नीलम्मा


नांदेड
२५ जानेवारी २०२५, सकाळ

गुरम्माबाई, शरणार्थ.

तुम्ही आला नाहीत. बरं. मग काल काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार? म्हणून सुकन्याच्या पोरीच्या वहीचं पान फाडून लिहायला बसले.

लातूरहून एसटी मिळाली, पण खिडकी मिळाली नाही. अहमदपूरला गाडी रिकामी झाली तेव्हा खिडकीपाशी सरकले. शेजारी लोह्याला उतरणारी एक बाई होती, मांडीवर गाजरांचं गाठोडं.

"कुठं चालल्या?" तिनं विचारलं.

"नांदेडला. गाण्याला."

"कुनाचं लगीन हाय?"

"लग्न न्हाई. नुसतं गाणं ऐकायचं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "ऐकायला यवढ्या लांब? मोबाईलात येत न्हाई का ते?"

मी तिला म्हटलं, येतं, पण मोबाईलातली बाई आपल्याकडं बघत नाही. खोकत नाही, पाणी पीत नाही, तबलेवाल्याकडं बघून हसत नाही. तिला ते पटलं असावं. उतरताना तिनं मला दोन गाजरं दिली आणि म्हणाली, "माझ्या वाटनीचं बी ऐका."

मंडप यंदा मोठा केलाय. प्रदर्शनात एका पोरानं नुसत्या गोणपाटावर बैलांची चित्रं काढली होती, बैल इतके खरे की जवळ जाऊन शेपटीला हात लावावा वाटला. राखणदार ओरडला म्हणून नाही लावला. मग आत जाऊन आपली जागा धरली आणि शेजारी पिशवी ठेवली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "इथं कोनी हाय का?" मी म्हणायचे, "हाव, येऊन राहिल्या." सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं. कोणी बाई पदर सावरत आत आली की मान तिकडं जायची.

आधी बासरी झाली. पोरगा अगदी कोवळा, पण फुंकर अशी की शेजारचे आजोबा डोळे मिटून बसले ते टाळ्यांनाही उघडेनात. मग एक पोक्त गवई आले. ते तंबोरे लावायला लागले आणि मला हसू आलं, कारण तुम्हाला गाण्यापेक्षा ते लावणंच जास्त आवडायचं. "लागला एकदा की मग काय, ते तर गातंयच," असं तुम्ही म्हणायच्या.

आणि गाणं रंगात आलं असताना लाईट गेली! माईक बंद, काळाकुट्ट अंधार. पोरांनी शिट्ट्या मारल्या. जनरेटर घुरघुरायचा आणि बंद पडायचा. गुरम्माबाई, तो माणूस थांबला नाही. तसाच, उघड्या आवाजात गात राहिला. आवाज म्हातारा, लहान, मागं पोहोचेना. मग मागची माणसं गाद्यांवरून बसल्या बसल्या पुढं सरकायला लागली. कोणी कोणाला सांगितलं नाही. सगळा मंडप हळूहळू सरकत स्टेजला जाऊन भिडला. पोरंसोरं, पुढारी, पोलीस, सगळे मांडीला मांडी लावून. एकानं मोबाईलची बत्ती लावली तर बाकीचे म्हणाले, बंद कर. अंधारात गवयांच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत होता. लाईट आली तेव्हा लोक हळहळले.

मीही सरकले होते. पिशवीही सरकवली होती. त्या गर्दीत, सगळे एकमेकांना चिकटलेले असताना, माझ्या शेजारी एका माणसाची मोकळी जागा होती आणि मी हातानं ती धरून बसले होते. लाईट आल्यावर मागची एक बाई म्हणाली, "आहो, येनार व्हत्या ना त्या?" मला एकदम रडू आलं. तिला म्हटलं, गाणं फार चांगलं झालं हो.

आज पुन्हा जाईन. पिशवी घेऊनच.

नीलम्मा


नांदेड
२६ जानेवारी २०२५, दुपार

गुरम्माबाई,

तुम्ही पाठवलेलं माणूस पोहोचलं.

काल सतार सुरू झाली होती. मान खाली घालून ऐकत होते, तेवढ्यात कोणीतरी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि जागेवर बसलं. मी चिडून बघितलं, तर मंजू. केस कापलेत तिनं. बरे दिसतात, पण क्षणभर ओळखू आली नाही. मी सतारीकडं बघितलं, तिनंही सतारीकडं बघितलं. वाजणं संपेपर्यंत दोघींच्या नजरा तिथंच. तेवढा वेळ मिळाला ते बरं झालं, नाहीतर मी काय बोलले असते कोणास ठाऊक.

टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "आईनं पाठवलंय. काय काय वाजवलं, काय काय गायले, समदं ध्यानात ठेवून ये म्हणाली. अन् कानडी गाणं झालं तर त्याचा अर्थ काकूंना विचारून ये."

काकू! माझ्या घरात आत्याबाई म्हणायची ती मला. बरोबर आहे तिचं, आणखी काय म्हणेल? पण लागलं. तिलाही लागलं असावं, कारण नंतरचा सगळा वेळ तिनं मला काहीच म्हणायचं टाळलं. "हे बघा", "ऐका ना", असं करत राहिली.

मधल्या सुट्टीत आम्ही बाहेर भज्यांच्या गाड्यापाशी उभ्या राहिलो. इथंच नांदेडात कॉलेजात शिकवते म्हणाली, मला ते माहीत नव्हतं. तिनं खोलीबद्दल सांगितलं, पोरांना शिकवताना घसा बसतो म्हणाली. मी तिला मध-आलं सांगितलं. महांतेशची चौकशी तिनं केली नाही आणि मीही सांगितलं नाही. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुझ्या आईचा माझ्यावर लई राग हाय का गं?"

ती चहाचा कप तसाच धरून म्हणाली, "राग न्हाई हो. राग कसला? तिला लाज वाटते. मोडलं मी ना. तुमच्या घरी कोनी मला वाकडं बोललं न्हाई, तुम्ही तर न्हाईच न्हाई, अन् तरी मी निघून आले. आई म्हणते, कोन्त्या तोंडानं जाऊ त्या बाईपुढं."

गुरम्माबाई, मला तिथंच, त्या गाड्यापाशी, हसू की रडू असं झालं. वर्षभर मी लातुरात बसून समजत होते की तुम्ही माझ्या पोराला आणि मला बोल लावताय. आणि तुम्ही उमरीत बसून समजताय की मी तुमच्या पोरीला! इकडं आम्ही तोंड लपवून, तिकडं तुम्ही. त्या दोघांनी तर एकमेकांना कधीच मोकळं केलं. दोघी आया मात्र आरोपी होऊन बसल्या.

कथक बघताना मंजू माझ्या खांद्याला टेकली होती. झोप येत होती तिला, शनिवारीही कॉलेज असतं म्हणे. मी हलले नाही. नाचणारी पोरगी घुंगरांचा एकेक आवाज मोजून मापून काढत होती आणि मी मनात म्हणत होते, लवकर संपवू नको बाई.

आज शेवटचा दिवस. हे पत्र तुम्हाला आज मिळणार नाही हे कळतं, तरी लिहिते, अजून गाड्या आहेत. उमरीहून नांदेड असं कितीसं लांब?

नीलम्मा


लातूर
२८ जानेवारी २०२५

गुरम्माबाई, शरणार्थ.

काल संध्याकाळी घरी पोहोचले. ह्यांनी विचारलं, "संपलं का?" म्हटलं, संपलं.

परवाही तुम्ही आला नाहीत. मंजू आली होती. आम्ही दोघींनी मधे जागा धरली होती, दोन्हीकडून. एक माणूस येऊन बसायला लागला तर मंजूनं त्याच्याकडं असं काही बघितलं की तो पुढं जाऊन उभाच राहिला. मास्तरीण शोभते.

धारवाडकडच्या त्या बाई फार छान गायल्या. साठी ओलांडलेली असेल, अंगावर साधी इरकल, आणि मधेच हातानं आपल्यालाच बोलवतात असं वाटायचं. शेवटी त्यांनी शरणांचं एक कानडी वचन गायला घेतलं. मंजूनं अर्थ विचारला. तुमची ताकीदच होती तशी. माझं माहेर सीमेवरचं, पण तिथलं कानडी बाजारापुरतं. गाण्यातलं मला निम्मं कळतं आणि उरलेलं मी मनानं भरते. तुम्हाला इतक्या वेळा सांगितलेले अर्थ तसेच होते, आता सांगून टाकते. मंजूला मी सांगितलं, त्या म्हणताहेत, देवा, मी तुझी कोण हे मला कोणी विचारू नये, मी आपली येऊन बसते. हे त्यांचं किती आणि माझं किती, ते धारवाडच्या माणसाला विचारावं लागेल.

परत येताना गाडीत विचार करत होते. लोह्याच्या पुढं सगळीकडं हरभरा उभा आहे. मी ठरवलं की तुम्हाला सगळं एकदा नीट लिहायचं आणि मग थांबायचं.

पहिलं. मंजूवर माझा राग नाही. ती घरातून गेली तेव्हा मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण तिच्यावर राग एक दिवसही नव्हता. दोघं चांगली पोरं आहेत आणि दोघांचं पटलं नाही. तुम्ही लाज वाटून घ्यावी असं त्यात काही नाही. तुमच्या पोरीनं रडत कुढत माझ्या घरी जन्म काढला असता तर मला ते आवडलं असतं का?

दुसरं. हे तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मी सांगते. महांतेशसाठी हे स्थळं बघताहेत. एक निलंग्याकडचं आहे, बहुतेक होईल. म्हणजे मला नवी विहीण येईल. बाई चांगली असेल, मी तिचं नीट करीन, साडीचोळी करीन. पण तिला मी गाण्याला नेणार नाही. ती जागा विहिणीची नव्हतीच कधी.

तिसरं. मी आता लिहायचं थांबवते. चार पत्रं झाली आणि हे पाचवं. तुम्ही मंजूला पाठवलंत ह्यातच मला कळलं की तुमचं मन आहे. पण नुसतं मन ठेवून काय करू? मला तुम्ही शेजारी हव्या आहात, हाडामासाच्या, वेळेआधी टाळ्या वाजवणाऱ्या. तुम्हाला येणं जमणार नसेल, लोक काय म्हणतील ते सोसणार नसेल, तर मी समजेन. पुन्हा दार वाजवणार नाही. पुढच्या साली गाण्याला मी जाईनही, पण शेजारी जागा धरणार नाही. गर्दीत तसं बसणं बरं नाही, लोकांना त्रास होतो.

तब्येतीला जपा.

नीलम्मा


उमरी
१२ फेब्रुवारी २०२५

नीलम्माक्का, शरणार्थ.

मी सांगून राहिले अन् मंजू लिहून घेऊन राहिली. माझ्या हातानं लिहायचं म्हणलं तर शिवरात्र उलटून जाईल. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिही, मास्तरीणपणा करू नको.

तुमची समदी पत्रं मिळाली. येक येक पत्र मी कितींदा वाचलं असंल. पर उत्तर द्यायचं म्हणलं की हात उचलंना. आमच्या पोरीनं मोडलं अक्का. तुम्ही म्हणता लाज वाटून घेऊ नका, पर ती काय सांगून येती का? गावात कोनी विचारलं की मी म्हणायची, तिकडची मान्सं लई चांगली व्हती. मग ते म्हणायचे, मग का आली?

सव्वीस तारखेला मी गाडीत बसले व्हते. घरी कोनाला सांगितलं न्हाई, नवी साडी नेसले, टेशनवर गेले अन् बसले. मुदखेड आलं. तिथं गाडी थांबून राहिली, अन् माझ्या मनात आलं, समोर गेल्यावर पहिला शब्द काय बोलू? उतरले अन् परतीच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसून राहिले. तुम्ही तिकडं जागा धरून बसल्या व्हत्या हे मला मंजूनं सांगितलं तवा मी दोन दिस जेवले न्हाई.

मग तुमचं शेवटचं पत्र आलं. पुन्हा दार वाजवनार न्हाई म्हणून लिवलं तुम्ही. ते वाचलं अन् मला भ्या वाटलं. लोकांचं भ्या त्याच्यापुढं काहीच न्हाई.

संगमेश्वरला बोलावून म्हणलं, माझ्या फोनातला नंबर चालू कर. तो म्हणला, "आई, त्या आता आपल्या कोन हायत?" मी म्हणलं, "तुझ्या कोनी नसतील." त्यानं गुमान चालू करून दिला. पर तुम्ही पत्रंच घाला. फोनवर आपन दोघी निसतं हॅलो हॅलो करतो.

आता माझं मनातलं सांगते. मंजू तुमच्या घरी नांदत व्हती तवर मी तुमच्या घरचं पानी बी पिले न्हाई. आमच्याकडं तसंच हाय, लेकीला लेकरू होईस्तोवर आईनं लेकीच्या घरचं तोंडात घालायचं नसतं. लातूरला आले तवा तुम्ही चहा टाकला, मी म्हणलं, उपास हाय. त्या दिवशी कसला उपास बी नव्हता. नांदेडला गाण्याच्या मधी तुम्ही डबा उघडायच्या, धपाटे, शेंगाची चटणी, अन् मी म्हणायची, माझं पोट भरलंय, तुम्ही खावा. भरलेलं नव्हतं अक्का. घरचं कोरडं कायतरी खाऊन आलेली असायची मी. त्या धपाट्याचा वास यायचा अन् मी स्टेजकडं बघून मान हलवत बसायची, म्हंजे तुम्हाला वाटावं माझं ध्यान गाण्यात हाय.

तुम्हाला बी ठाऊक व्हतं म्हणा. म्हणून तुम्ही आग्रह करायच्या न्हाई.

आता ते मंजूचं घर न्हाई. हे लिहिताना ती रडून राहिली, पर तिला म्हणलं, लिही, खरं हाय ते. तिचं न्हाई, म्हंजे आता ते निसतं तुमचं घर हाय. अन् तुमच्या घरी जेवायला मला कोनाची आडकाठी?

लातूरला सिद्धेश्वराच्या जत्रंत शिवरात्रीला भजनं असत्यात म्हणं. मी त्या दिवशी येते. मंजू गाडीत बसवून देईल. तुमच्या शेजारी बसून रातभर ऐकते, अन् सकाळी उपास तुमच्या घरी सोडते. मालकांना सांगून ठेवा. त्यांना बोलायचं असंल ते बोलू द्या, मी जेवता जेवता ऐकून घेईन.

पुरण घालू नका. पाट मांडू नका, साडी तर अजाबात आनू नका. रोजचं वरण-भाकरी करा, अन् मला सैपाकघरात खाली बसवून तव्यावरची गरम वाढा. जरा जास्तीचं पीठ मळा अक्का. मला लई वर्साची भूक हाय.

तुमची
गुरम्मा